ठोकेभाऊंचा एक मार्क

ठोकल्याशिवाय ठोकेभाऊ काही घेत नसत. खुर्ची, बादली, ओतूरच्या बाजारातलं कलिंगड, सगळ्याला आधी टिचकी, मग मूठ, मग कान. खरं आडनाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. आमच्या वनखात्याच्या ऑफिसातलं खरेदीचं टेबल त्यांचं आणि त्यांच्या हाताखाली मी. देवा, काय डोकं उठायचं!

मोठी खरेदी बिबट्याच्या पिंजऱ्यांची. पिंजरे आले की हा माणूस स्वतः आत शिरायचा, मला दार पाडायला लावायचा आणि आतून लाथा घालायचा. पुरवठादार हसायचा, शिपाई फोटो काढायचा. मी ओरडायचे, "भाऊ, चाचणी प्रमाणपत्र आलंय ना!" आतून आवाज यायचा, "कागद बिबट्या धरतोय व्हय, ताई?"

मग हुकूम आला. खरेदीच्या टेबलावर बसायचं तर प्रमाणपत्र परीक्षा पास व्हा, नाहीतर टेबल सोडा. भाऊंची नोकरीची दोन वर्षं उरलेली आणि या टेबलावाचून त्यांना दुसरं काही सुचत नसे. मी महिनाभर डबा खाता खाता त्यांच्याकडून प्रश्न घोटून घेतले. निविदा, अनामत, ऑनलाइन बोली, सगळं तोंडपाठ. एका प्रश्नावर मात्र गाडं अडायचं: माल स्वीकारण्याआधी काय पाहावं?

"माल पाहावा," भाऊ म्हणायचे.

"अहो, तो पर्यायच नाही! चाचणी प्रमाणपत्र म्हणा."

"मग प्रश्न चुकलाय."

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी मुकाट्याने बरोबर उत्तर दिलं. सुटले एकदाची, असं वाटलं मला.

मी पास झाले. भाऊ एका मार्काने गेले. नेमका तोच प्रश्न चुकला होता. घाबरून गोंधळले असतील, म्हणून फेरपरीक्षेसाठी मी त्यांच्या हातापाया पडले. "आता बास, ताई," एवढंच. टेबल माझ्याकडे आलं आणि भाऊ आवक-जावकला टपालावर शिक्के मारत बसले. बघवत नसे.

रिटायर झाले त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. खोडदची एसटी लागली होती. राहवलं नाही, विचारलंच, "भाऊ, इतकं घोटलेलं उत्तर विसरलात कसं?"

"इसरलो कुठं? माहीत व्हतं की." ते पायरीवर चढले. "पण आत बिबट्या असताना पिंजऱ्यापाशी आपला माणूस जातोय. खोटं लिहून त्याला तोंड कसं दावू?"

एका टिकमार्कसाठी टेबल घालवलं या माणसाने! मला इतका संताप आला की गाडी सुटेपर्यंत मी त्यांच्याशी बोललेच नाही, आणि सुटल्यावर तिथंच बाकावर बसून रडले.