ओकच्या पानांच्या दोन गाड्या

आमच्या गल्लीतल्या सगळ्यात देखण्या झुडपाला मी शिंपले खाऊ घातले. चांगल्या मनाने घातले, असं मी तेव्हापासून सांगत आलोय. ओडिलोन म्हणतात, झुडपाला मन कळत नाही.

ओडिलोन आमच्या गल्लीचे कंपोस्टमास्तर. उभा जन्म गेंट शहराच्या रस्त्यांवर ट्राम चालवली, निवृत्त झाल्यावर कंपोस्टचा वर्ग केला आणि चर्चमागच्या जागेत लाकडी हौद उभे केले. एकात ताजा कचरा, दुसऱ्यात अर्धवट कुजलेला, तिसऱ्यात तयार खत. कोण बटाट्याच्या साली घेऊन येतं, कोण कॉफीचा चोथा. ओडिलोन प्रत्येक बादलीत वाकून बघतात, त्यामुळे कुणाकडे पाहुणे आले होते, कुणाचं डाएट मोडलं, हे त्यांना आधी कळतं.

खत तयार झालं की नाही, हे ते अळीव पेरून ठरवतात. पेल्यात मूठभर खत, वर अळिवाचं बी. हिरवागार उगवला तर खत पास, पिवळा पडला तर पुन्हा हौदात. पास झालेला अळीव त्यांच्या पत्नी आलिदाबाई लोणी लावलेल्या ब्रेडवर घालतात. परीक्षेचे पेपर खाऊन टाकणारं असं दुसरं घर मी पाहिलेलं नाही.

हे खत जातं गल्लीतल्या झाडांना. आमच्या फरशांखाली नुसती वाळू आणि पाडलेल्या घरांचा राडारोडा. ओडिलोन नसते तर आमच्या जपानी चेऱ्या आणि दारांपुढच्या हायड्रेंजिया विजेच्या खांबांइतक्याच बहरल्या असत्या.

गेल्याच्या आदल्या शरदात ओडिलोनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांनी पलंगावरून मला फर्मान सोडलं, "वानेस, सगळ्यांना दोन बोटं जाड खत घाल, खोडापासून वीतभर लांब. आणि अझेलियाला हात लावायचा नाही. तिचं जेवण वेगळं असतं."

ती अझेलिया, म्हणजे गल्लीतलं ते देखणं झुडूप, आलिदाबाईंची. बाईंनी शहराबाहेरच्या अझेलियाच्या रोपवाटिकेत वर्षानुवर्षं कलमं बांधली. मालकाने धंदा बंद केला तेव्हा फेकायच्या ढिगातून एक रोप उचलून त्या घरी आल्या. कसल्याशा संकरातून निघालेलं, कधी विकलं न गेलेलं, नावही न मिळालेलं. तसं दुसरं कुठेच नाही. ते त्यांनी खिडकीसमोर लावलं. आता बाईंचे गुडघे गेलेत. त्या खिडकीत बसून असतात आणि मे महिन्यात समोर नारिंगी फुलांचा डोंगर बघतात.

तिचं वेगळं जेवण म्हणजे ओकची पानं. जाळीच्या पिंपात दोन वर्षं कुजवलेली, बाकी काही नाही. मला हा अन्याय वाटला. अख्ख्या गल्लीला पंचपक्वान्न आणि राणीसाहेबांना पालापाचोळा? त्यात गल्लीच्या उन्हाळी जेवणातल्या शिंपल्यांची टरफलं मी धुऊन, हातोडीने कुटून ठेवली होती. टरफलांत कॅल्शियम असतं आणि कॅल्शियम चांगलं असतं, हे मी एक्लो गावच्या शाळेत शिकलो होतो. तो धडा हाडांचा होता, हे नंतर आठवलं. मी तयार खतात टरफलं मिसळली आणि दोन ढकलगाड्या भरून अझेलियाच्या पायाशी ओतल्या.

मे उजाडला. फुलं आली ती मोजकी, केविलवाणी. पानं पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या. ओडिलोननी शेजारच्या कुत्र्यावर संशय घेतला आणि रोज सकाळी काठी घेऊन पहारा दिला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काठी मातीत रुतली आणि करकर वाजली.

"हे काय रे?"

"शिंपला."

"ते दिसतंय मला. इथे कसा आला?"

मी कुत्र्याकडे बघितलं. तेवढ्यात वरची काच सरकली, बाईंची खिडकी उघडली.

"ओडिलोन, कुत्रं शिंपले कुटून खातं का हो हल्ली?" आलिदाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शिंपला म्हणजे चुनाच. चुना घातलास तिला, पोरा. तिला आंबट माती लागते. मी तिला कचऱ्यातून उचलली आणि तू परत तिकडेच धाडायला निघालास."

"मी व्हिनेगर ओततो," ओडिलोन म्हणाले.

"सॅलड करायचंय का तिचं? खबरदार!"

पुढचा आठवडा मी गुडघ्यांवर होतो. चमच्याने माती खरवडायची, तुकडे वेचायचे, मुळं दुखवायची नाहीत. ओडिलोन खुर्ची टाकून देखरेखीला बसले. ऑपरेशन झालेल्या माणसाने जेवढं ओरडू नये तेवढं ओरडले. नळाच्या पाण्यातही चुना, म्हणून ते बंद; फक्त छपरावरून साठवलेलं पावसाचं. पिंपातलं ओकच्या पानांचं सगळं खत, पुढच्या दोन वर्षांची शिल्लक, तिच्या पायाशी गेलं. बाईंनी खिडकीतूनच एक खालची फांदी दाखवली.

"तिला वाकव. सालीला खाली चीर दे. मातीत दाब, वर दगड ठेव. आई गेली तर मूल तरी राहील."

दाबकलम करताना माझा चाकू सालीवरून सारखा निसटत होता. "हलू नकोस," बाई म्हणाल्या, "रोपवाटिकेत असतास तर दुपारपर्यंत घरी पाठवला असता."

उन्हाळ्याच्या शेवटी एका बाजूला हिरवी पानं फुटली. दुसरी बाजू वाळली, ती ओडिलोननी करवतीने कापली. तेवढा वेळ बाईंनी पडदा ओढून घेतला होता.

यंदा मेमध्ये झुडूप फुललं, अर्धंच. जगलेली बाजू रस्त्याकडची आणि कापलेली नेमकी खिडकीकडची. मग ओडिलोन आणि मी बाईंना खुर्चीसकट उचलून फुटपाथवर मांडलं. त्यांनी दगड बाजूला करायला लावला आणि दाबलेली फांदी हळूच ओढून बघितली. फांदी निघाली नाही.

"मुळं धरलीत," त्या म्हणाल्या आणि ब्रेड-अळीव मागितला.

रिकामं पिंप भरून द्यायचं माझ्याकडे आहे. गेल्या शरदात सार्वजनिक बागेतून दोन गाड्या ओकची पानं आणली, ओली केली, दाबून भरली. मी खिडकीखालून गेलो की बाई काच वाजवतात.

"माझ्या दोन गाड्या?"

"कुजतायत, मादाम."

"तुझ्यापेक्षा लवकर कुजू देत म्हणजे झालं."

काल काठी घालून ढवळून बघितलं. अजून पानंच आहेत, देठांसकट.