भाऊजींचं अमेरिकन पातं

कुणाच्याही घरी गेले की आमचे भाऊजी पाण्याच्या तांब्याला हात लावायच्या आधी त्या घरातलं लोखंड उलटं करून बघायचे. अडकित्ता, खलबत्ता, कुऱ्हाड, दारामागची पहार, काहीही. उलटं करायचं, शर्टाच्या बाहीनं पुसायचं, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांशी न्यायचं आणि "देशी हाय" म्हणत खाली ठेवायचं. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही ब्रह्मपुरीला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून यांना पुढे बसवलं होतं. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तर यांची खुर्ची रिकामी! हे मागच्या अंगणात तिच्या आजोबांचा सुतारी वाकस उलटा करून बघत होते. लग्न जमलं हे माझं नशीब. बायको अजून भांडणात तो वाकस काढते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चामोर्शीला जनावरांच्या दवाखान्यात कारकून. मी तिथल्याच हायस्कुलात मास्तर, घरं एका आळीत. त्यांना छंद होता जुन्या अमेरिकन हत्यारांचा. रंधे, करवती, छिन्न्या, पाने, गिरमिटं, सगळं चालायचं, फक्त त्यावर अमेरिकेचा छाप पाहिजे. ही हत्यारं आमच्या जंगलात आली कशी, यावर त्यांचं भाषण तयार असायचं. सागवानाच्या जुन्या आरा मशिनी, मिशनचे लोक, दुसऱ्या मोठ्या लढाईनंतर नागपुरात वजनावर विकलेलं लष्कराचं सामान वगैरे. खरं-खोटं देव जाणे, पण चंद्रपूर-बल्लारपूरच्या भंगारवाल्यांकडे यांना काही ना काही मिळायचं. स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेले नाहीत.

हत्यारांपेक्षा वाईट होते कॅटलॉग. चंद्रपूरच्या एका रद्दीच्या दुकानात यांना लढाईच्या आधीचा, एका अमेरिकन कंपनीचा जाडजूड कॅटलॉग सापडला आणि आमच्या घराची शांतता गेली. इंग्रजी बेताचं, म्हणून शब्दागणिक हाक मला. "अबे, याचा अर्थ काय होते?" एकदा त्या कॅटलॉगमधलं एक पातं यांना हवं झालं, तर यांनी सरळ कंपनीला पत्र लिहिलं. म्हणजे मी लिहिलं, यांनी सांगितलं. पत्ता कॅटलॉगवरचा. भाव कॅटलॉगमधला. मी म्हटलं, भाऊजी, हा कॅटलॉग तुमच्या जन्माच्या आधीचा आहे. तर म्हणे, "मंग काय झालं? कंपनी का पळून जाते?" काही महिन्यांनी लिफाफा परत आला. त्यावर तिकडच्या टपालखात्याचा शिक्का आणि पत्ता सापडत नसल्याची चिठ्ठी. मला वाटलं, आता तरी हे भूत उतरेल. यांनी लिफाफा उलटा करून शिक्का पाहिला, खूश झाले आणि तो कॅटलॉगमध्ये जपून ठेवला.

एवढी हत्यारं घरात, पण त्यांतलं एकही लाकडाला लागू द्यायचं नाही. लोक वर्षातून एकदा खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती देतात, हळद-कुंकू वाहतात. भाऊजींकडे बाराही महिने खंडेनवमी. ताईच्या घराचं पुढचं दार पावसाळ्यात फुगायचं. एकदा फुगलं की दिवाळीपर्यंत हलायचं नाही. कपाटात रंध्यांची रांग, कोणताही काढून दोन हात मारले असते तर दार मोकळं झालं असतं. पण नाही. "त्याची धार तिकडची हाय, खराब होते." सुतार बोलावला तर भाऊजी त्याला कॅटलॉग दाखवत बसायचे. तो बिचारा चहा पिऊन निघून जायचा. ताई पाऊसभर स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं ये-जा करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "घरात ढीगभर रंधे हायेत बाप्पा, अन् मी आपल्याच घरी चोरावानी मांगून येऊन राह्यली."

छंद त्यांचा, पण स्कूटर माझी. घरच्या जावयाला नाही म्हणायचं नाही, ही आईची शिकवण. भाऊजींनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. धानोऱ्याला म्हणे कुणाकडे अमेरिकन गिरमिट आहे, चल. भामरागडकडे एका जुन्या ठेकेदाराच्या पडवीत दोन माणसांनी ओढायची करवत आहे, चल. आभाळ भरलंय म्हटलं तर, "गेलो का आलो!" गेलो, आणि नदी रस्त्यावर आली. दोन्हीकडची वाट बंद. आश्रमशाळेच्या वऱ्हांड्यात आम्ही भात आणि आंबाडीची भाजी खात पाणी उतरायची वाट बघत बसलो. पाणी उतरल्यावर करवत पाहिली, तर विलायतेची! "इंग्रजाची हाय," भाऊजी असे म्हणाले, जणू काही इंग्रजांनी हे मुद्दाम केलं होतं. परत येताना सगळ्या रस्त्यानं माझ्याच स्कूटरच्या आवाजाला नावं ठेवत होते.

या सगळ्या पसाऱ्यात त्यांचा जीव होता एका रंध्यात. हातभर लांबीचा, लोखंडी, कॅटलॉगमध्ये अख्खं पान त्याचं. पण मूळ पातं हरवलेलं, आणि त्या जागी कुणीतरी गाडीच्या कमानपट्टीचा तुकडा घासून बसवलेला. "राजाच्या तोंडात कवळी," भाऊजी म्हणायचे. ते पत्र याच पात्यासाठी होतं. आणि जे पातं अमेरिकेत मिळालं नाही, ते एके दिवशी चामोर्शीच्या आठवडी बाजारात मासोळीवालीच्या हातात दिसलं.

अनुसयाबाई ढिवर बोडीवरची, म्हणजे गावाजवळच्या लहान तळ्यातली, मासोळी घेऊन बसायची. रोहूचे खवले ती ज्यानं खरवडत होती, ती रुंद पोलादी पट्टी बघून भाऊजी तिथल्या मासळीच्या पाण्यात गुडघ्यांवर बसले. वरच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली, चिंधीखाली अर्धवट छाप.

"बाई, जरा उलटं करून दाखवता का?"

तिनं मासा उलटा केला. गलफडं उघडून दाखवली. "ताजा हाय भाऊ, आत्ताच काढला."

"मासा नाई, ते हातातलं."

तिनं पातं उलटं केलं. चिंधी सरकवली. छाप त्या रंध्यावरचाच होता, आणि तेवढ्यानं भाऊजींचे डोळे भरले. तिथेच त्यांनी घोळ केला. गंजक्या पट्टीसाठी शिकलेला माणूस रडतो, म्हणजे नक्की काहीतरी असणार. पुढच्या बाजारापर्यंत बातमी पसरली की अनुसयाबाईच्या पात्यात सोनं आहे. तिनं ते कमरेला दोरीनं बांधायला सुरुवात केली.

"ईकायचं नाई," ती म्हणाली. "माह्या सासूपासून हाय. दुसऱ्यानं हात दुखते."

मी भाऊजींना पहिल्याच दिवशी सोपा उपाय सांगितला होता. तुमच्याकडे दुसऱ्या रंध्यांची पाती आहेत. त्यातलं एक तिला द्या, हे घ्या, तीही खूश. भाऊजी माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी ताईला विकायला सांगितलं. "ज्याचं काढीन तो रंधा लुळा नाई होणार काय? एकाचे डोळे काढून दुसऱ्याले लावू?" विषय संपला.

मग उपाय एकच उरला, मन वळवायचा. दर बाजाराला भाऊजी मासोळी घ्यायला जायचे. त्यांना काटे निवडायचा भयंकर कंटाळा, घशात काटा अडकण्याची भीती, तरी जायचे. अर्धी मासोळी माझ्याकडे यायची. ताई वैतागली. मुलं पानावर बसताना नाक धरायला लागली. आणि तिकडे बाजारात भाऊजींच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही घडत होतं. अनुसयाबाई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता पातं दगडावर घासायची. दर बाजारी थोडं. धार हळूहळू वर, छापाकडे सरकत होती. पातं फार आखूड झालं तर ते रंध्याच्या तोंडापर्यंत पोचणार नाही, हे भाऊजींना माहीत होतं. तो दगडाचा आवाज आला की त्यांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा व्हायचा.

"बाई, जरा कमी घासत जा ना," ते एकदा काकुळतीनं म्हणाले.

"मंग खवले काय दातानं काढू, भाऊ?"

असं किती वर्षं चाललं, मला सांगता येणार नाही. माझी स्कूटर विकून मोटरसायकल आली, चंद्रपुरात इंटरनेटची दुकानं उघडली, भाऊजी तिथे जाऊन कॅटलॉगची पानं छापून आणायला लागले. अनुसयाबाईशी त्यांची ओळख आता घरच्यासारखी झाली होती. तिच्या म्हशीच्या औषधाचं हे बघायचे, ती यांच्यासाठी कमी काट्यांची मरळ बाजूला ठेवायची. पात्याचा विषय मात्र दर वेळी निघायचाच.

आणि एका बाजाराला तिनंच कमरेची दोरी सोडली. "घ्या भाऊ. आता हे हातात धरता नाई येत. तुमचा जीव अटकला हाय त्याच्यात, घेऊन जा."

पैसे घ्यायला ती तयार नव्हती. भाऊजींनी पातं रुमालात बांधलं, घरी आणून रॉकेलनं पुसलं, तेल लावलं आणि रंध्यात बसवलं. आम्ही सगळे बघत होतो. पातं तोंडापर्यंत पोचलंच नाही. बोटभर कमी पडलं. मला ओरडावंसं वाटलं. इतक्या वर्षांची मासोळी, इतकं पेट्रोल, आणि हातात हा तुकडा! भाऊजी बराच वेळ छापावरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "ती आता कायनं खवले काढन?"

पुढच्या बाजाराला मला सोबत नेलं. पिशवीत कागदात गुंडाळलेलं एक पातं होतं. त्यांच्या सगळ्यांत चांगल्या रंध्याचं, ज्याला कारखान्यात लावलेली धार तशीच होती, जे त्यांनी आम्हाला नुसतं लांबून दाखवलं होतं. ते त्यांनी अनुसयाबाईच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट केलं, दगडावर दोनदा ओढलं आणि समोरच्या रोहूवर चालवलं. खवले भाऊजींच्या शर्टावर उडाले.

परत येताना मी मोटरसायकल थांबवून म्हटलं, "हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं! तेव्हा दिलं असतं तर तुमचं पातं अख्खं मिळालं असतं. आता दोन-दोन रंधे लुळे!"

"तवा तिच्या हातात पातं होतं न," भाऊजी म्हणाले. मी पुन्हा किक मारली.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, भर पावसाळ्यात, ते गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपलं होतं. माणसं जमली, तिरडी बांधली, आणि पुढचं दार उघडेना. खांदे लावले, लाथा मारल्या. शेजारचा सुतार म्हणाला, घरात रंधे आहेत ना, एक काढा, आत्ता मोकळं करतो. कुणीतरी कपाटाकडे गेलं. तोवर भिंतीला टेकून बसलेली ताई उठली आणि कपाटासमोर उभी राहिली.

"हात नोका लावू. त्यायले चालत नाई."

"अवो पण बाई, दार..."

"मांगच्या दारानं न्या."

आयुष्यभर त्या दारापायी ज्यांना बोलली, त्या भाऊजींना तिनं मागच्या दारानं नेलं. चुलीजवळून, धुण्याच्या दगडावरून, वाकत वाकत. माझा एक खांदा होता. मला त्यांचा इतका राग आला होता की पुढचं दिसत नव्हतं.

ताईचं कपाट अजून तसंच आहे. दार अजून फुगतं.

मध्यंतरी बाजाराला गेलो. अनुसयाबाई आता थकली आहे, पण बसते. हातात भाऊजींनी दिलेलं तेच पातं. माझ्याशी बोलता बोलता तिनं ते दगडावर घासायला घेतलं. चिंधीखालचा छाप मला दिसला, आणि खाली किती उरलंय तेही दिसलं.

"बाई," माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा हलक्या हातानं घासत जा ना."

तिचा हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आता तुमी बी काय, मास्तर?"

पाव किलो झिंगे घ्यायला गेलो होतो. तिनं रोहू पुढे केला, तो घेतला आणि ती तो साफ करेपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहिलो.