बांधापलीकडचं गवत

मुगुरेला रिकामे हात बघवत नसत. गप्पा मारतानाही ती शेंगा सोलायची, आणि नुसतं बसलेलं माणूस दिसलं की त्याच्या मांडीवर काहीतरी निवडायला आणून ठेवायची. किनांगोपच्या पठारावर, धुक्यात अन् थंडीत, नवरा दूर नैवाशाला फुलांच्या मळ्यात कामाला असताना, तिनं शेत, मेंढ्या आणि सासरा एकटीनं सांभाळले ते या स्वभावावर.

सासरे तिला आई म्हणत. थोरल्या नातवाला रीतीप्रमाणे त्यांचंच नाव मिळालं होतं, गाचेरू. "गाचेरूची आई, म्हणजे माझीच की," असं म्हणून ते चहा आणखी गोड करून मागत. शेत तिच्या हाती देताना त्यांनी एकच मागणं मागितलं होतं. खालच्या अंगाचं ठोंबांचं गवत तेवढं नांगराखाली घालू नकोस. त्या ठोंबांत पिवळ्या छातीचा एक पक्षी राही. झाडावर तो कधी बसत नसे, गवत सोडून दुसरीकडे जात नसे. मोतीबिंदू वाढल्यापासून म्हातारा सकाळी बांधाशी स्टूल टाकून त्याचा नुसता आवाज ऐकत बसे.

ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेले आणि त्याच आठवड्यात मुगुरेची सावड आली. आळीतल्या बायका पाळीपाळीनं एकमेकींच्या शेतात राबत; त्या कुदळी घेऊन हजर झाल्या. तिनं दिवसभराची गिथेरी शिजवून ठेवली होती, पण वरचं शेत दुपारीच खणून झालं. मका-घेवडा पोटभर खाऊन बायका सावलीला बसल्या. सावडीचा अर्धा दिवस असा वाया जाताना मुगुरेला बघवेना. तिनं खालच्या गवताकडे बोट केलं.

शेजारच्या न्योकाबीनं ठोंब उपटला तर खाली घरटं, त्यात दोन अंडी. "तुझ्या सासऱ्याची नातवंडं गं," ती हसत म्हणाली. मुगुरेनं ठोंब पुन्हा होता तसा उभा करून ठेवला, माती दाबली. पक्षी काही परतला नाही.

सासरे नवी नजर घेऊन आले तेव्हा तिथे बटाट्याला पांढरी फुलं आली होती. पीक इतकं चांगलं होतं की तिला त्याचीच लाज वाटली. ते बराच वेळ बघत राहिले.

"सावडीच्या बायका होत्या, बाबा. वेळ उरला होता."

"चूक माझीच. वाटण्या करून तुमच्या हाती टीचभर तुकडा दिला. त्यात तू काय काय ठेवणार?"

रागावले असते तर बरं झालं असतं.

मग एक दिवस त्यांना बांधापलीकडे, न्योकाबीच्या गवतात, तो पक्षी दिसला. आवाजावरून ओळखलेला पक्षी किती वर्षांनी डोळ्यांनी पाहिला. त्यांनी स्टूल तिकडे वळवलं. मुगुरेला त्या दिवसापासून जेवण गोड लागू लागलं.

न्योकाबीची सावड आली. तिचंही शेत दुपारीच आटोपलं आणि तिनंही गवताकडे बोट केलं.

मुगुरे तिला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझा पाण्याचा चर खणून देते. एकटी खणते. हे राहू दे."

"चरात बटाटे येतात का, गाचेरूच्या आई? तुझं गवत खणताना माझी नखं तुटली. तेव्हा तुला पाखरं आठवली नाहीत. मलाही पोरं आहेत."

सावड फेडायची तर जिचं शेत तिचं ऐकायचं. बायका थांबून बघत होत्या. बांधाच्या अलीकडे सासरे स्टुलावर होते. मुगुरेनं कुदळ उचलली. प्रत्येक ठोंबाखाली आधी हात घालून बघितलं. घरटं नव्हतं. एका ठोंबातून पक्षी उठला, खणलेल्या मातीवर क्षणभर उतरला, आणि रस्त्यापलीकडे गेला. तिकडे सगळा कोबी होता.

संध्याकाळी ती घरी आली तर सासऱ्यांनी चुलीवर चहा ठेवला होता. स्टूल त्यांनी आत आणून चुलीजवळ मांडलं होतं.

"दमलीस आई. बस," ते म्हणाले.

ती बसली नाही. नखांतली माती निघेना म्हणून दारात उभी राहून हात धूत राहिली, पाणी संपेपर्यंत.