मातीच्या घरांचं गाव

सत्तरीच्या दशकात मी मंद्रूपजवळच्या एका गावात ग्रामसेवक होतो. तालुक्याच्या सभेत साहेबांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "आता कारभार गावाच्या हाती! घरपट्टी तुम्हीच ठरवा, तुम्हीच वसूल करा. जेवढी वसुली, तेवढं अनुदान." आम्ही टाळ्या वाजवल्या. गावाच्या म्हणजे नेमक्या कुणाच्या हाती, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ते आकारणीच्या बैठकीत कळलं. मातीच्या घराला पट्टी नावापुरती, पक्क्याला भरपूर. स्वतःच्या घराबद्दल पंचांनी दाखवली तशी नम्रता मी पुन्हा कुठं पाहिली नाही. सरपंचांचं घर दुमजली, वर सिमेंटची गच्ची. ते म्हणाले, "भाऊसाहेब, पाया मातीतच हाय की. मातीचं लिवा." मी लिहिलं. मागं दोन म्हशी होत्या म्हणून उपसरपंचांचं दगडी घर 'गोठा' झालं. आता गावात एकही पक्कं घर उरेना. साहेबांना काय दाखवायचं? मग बाजारात सुकट विकणाऱ्या एका बाईची पत्र्याची खोली 'पक्की' ठरली, पाठोपाठ तिच्या गल्लीतल्या आणखी काही खोल्याही. तेही माझ्याच अक्षरात.

वसुलीला गेलो तर बाईनं बिलाला हातच लावला नाही. "आदी समद्यांचं वाचून दावा."

मी वाचलं. गल्ली गोळा झाली.

"मालकांचं मातीचं आन् माजं पक्कं व्हय? मग मी चुकीच्या घरात ऱ्हात्ये की!"

आत गेली, वाकळ काखेत मारली आणि थेट सरपंचांच्या ओट्यावर जाऊन बसली. मागं अर्धं गाव, आणि सगळ्यांच्या मागं वही छातीशी धरून मी.

"मावशी, ह्ये काय?" सरपंच ओरडले.

"कागदावर पक्कं घर माजं हाय, मालक. गावात पक्कं तर ह्येच दिसतंय. तुमी तितं पत्र्याखाली जावा. दुपारचं लई तापतं, तेवडं संबाळा."

आत पोरीला बघायला आलेले पाहुणे पोहे खायचे थांबले. सरपंच माझ्या कानाशी आले, "हिचं मातीचं लिवा."

"आन् तुमचं?" बाईनं विचारलं.

"पुढच्या आकारणीला बगू."

तेवढ्यात आणखी चारपाचजणी वाकळा आणायला वळल्या. त्यांचीही पट्टी जागेवरच उतरली.

वर्षअखेरीला वसुली एवढी थोडी झाली की अनुदान अडकलं. रस्त्यावर दिव्यांचे खांब उभे राहिले, तारा आल्याच नाहीत. सरकारनं गाव वाऱ्यावर सोडलं, असं सरपंच भाषणात सांगू लागले. साहेबांनी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'ग्रामस्थांमध्ये कर भरण्याची जाणीव अल्प आहे.' सरपंचांनी सही ठोकली आणि मला चहा पाजला.

बाजारात ती बाई दिसली की हाक मारायची, "भाऊसाहेब, दिवं कदी लागायचं?"

मी वांगी निवडत राहायचो.