वकिलांचं स्पॅनिश

स्पेनात यादवी पेटली होती त्या दिवसांत मुरबाडच्या एका वकिलांच्या मनात आलं, की आता मराठी माणसाला स्पॅनिश आलंच पाहिजे. लढाई संपली की तिकडं सगळं नव्यानं बांधावं लागणार, त्याला लाकूड लागणार, आणि लाकूड तर आमच्या शहापूरच्या रानात उभंच आहे, असा त्यांचा विचार. स्पेन नेमका कुठं असं कुणी विचारलं, तर ते हातानं साधारण कल्याणची दिशा दाखवत. वकिली फारशी चालत नव्हती, त्यामुळे दूरदृष्टीला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता.

शहापूरचे एक लाकूड-कोळशाचे व्यापारी या बोलण्याला भुलले. सगळे त्यांना शेठजी म्हणत. त्यांच्या घरी ग्रामोफोन होता आणि त्याच त्या गाण्यांच्या प्लेटा ऐकून ते कंटाळलेले होते. दोघांनी मिळून ठरवलं, की नवशिक्यांसाठी स्पॅनिशची बोलती तबकडी काढायची. गुरूनं एक वाक्य म्हणायचं, शिष्यानं ते पुन्हा म्हणायचं. गुरू अर्थातच वकील. शिष्य म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी तेव्हा शहापूरच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवत होते. पाढे म्हणून घेताना माझा आवाज पार बाजारात ऐकू जातो, एवढीच माझी लायकी त्यांनी पाहिली होती.

रविवारी वकील कोळशाच्या लॉरीतून मुरबाडहून येत. अंगावरची काजळी झटकत शेठजींच्या ओटीवर बसत आणि तालीम सुरू होई. त्यांचं सगळं स्पॅनिश एका इंग्रजी पुस्तकातून आलेलं होतं. ती भाषा बोलणारा माणूस त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, पण त्याची त्यांना गरजही वाटत नव्हती. अक्षरं इंग्रजीचीच होती आणि इंग्रजी तर त्यांना येतच होतं.

पहिला शब्द होता ‘होला’, म्हणजे नमस्कार. मला झाडावरचा होला पक्षी आठवून हसू आलं, तर त्यांनी डोळे वटारले. पुढं ‘मी लामो’, म्हणजे माझं नाव अमुक. या ‘मी’वर त्यांचा फार जीव. स्पॅनिश मुळात आपलीच भाषा, तिकडं जाऊन बिघडली, असं ते शेठजींना समजावत आणि शेठजी मान डोलावत. संत्र्याला ‘नारंजा’ आणि बाईला ‘मुजेर’ म्हणायचं होतं. मी पोपटासारखी म्हणत राहिले.

मुरबाडच्या बाजूच्या पाड्यांवरून एक गोरे पाद्री औषधं वाटत हिंडायचे. आम्ही सगळे त्यांना इंग्रज समजत होतो. एकदा ते पोरांच्या खरजेवर मलम द्यायला आमच्या शाळेत आले, तेव्हा बोलता बोलता कळलं, की ते स्पेनचे. रविवारी वकील लॉरीतून उतरताच मी धावत जाऊन ही बातमी सांगितली. मला वाटलं, वकील हरखून जातील. त्यांचा चेहरा मात्र असा झाला, की जणू समोरच्या पक्षानं ऐनवेळी साक्षीदार उभा केलाय. तरी शेठजींनी पाद्रींना पुढच्या रविवारी चहाला बोलावलंच.

पाद्रींनी आमची तालीम शेवटपर्यंत शांतपणे ऐकली. त्यांचं मराठी पाड्यावरच्या शेतकऱ्यांकडून शिकलेलं होतं.

“वकीलसाब,” ते म्हणाले, “‘ह’ बोलायचा नाय. ‘ओला’. आन् ‘नारंजा’ नाय, ‘नारांखा’. घशातून आला पायजे.”

वकील मंद हसले. पाद्रींना इकडं येऊन किती काळ झाला याची त्यांनी चौकशी केली. लय वर्सं झाली, असं उत्तर आलं.

“तेच,” वकील म्हणाले. “इतकी वर्षं मायबोली कानावर नसली की जीभ बिघडते, फादर. आम्ही पुस्तकाप्रमाणे चाललो आहोत.”

मग शेठजींकडे वळून, पण पाद्रींना ऐकू जाईल अशा बेतानं, त्यांनी विचारलं, की ज्याला धड ‘नाही’ म्हणता येत नाही त्यानं आपल्याला उच्चार शिकवावेत का. शेठजींनी मान डोलावली. पाद्रींनी चहा संपवला, कपबशी नीट बाजूला ठेवली आणि उठले.

मी त्यांना अंगणात गाठलं आणि आमची सगळी वाक्यं एकदा म्हणून दाखवायला सांगितलं. त्यांनी ती म्हटली. माझ्या घशात तो ‘ख’ बसेपर्यंत न कंटाळता पुन्हा पुन्हा म्हटली. मग बांधावरून निघताना थांबले आणि म्हणाले, “लढाई लागल्यापासून घरचं काय कळलं नाय, बाय. बोलणारंपन कोन नाय.”

तबकडीसाठी आम्ही मुंबईला गेलो. सोबत म्हणून शेठजींच्या पत्नीही आल्या. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावतात, हे तिथं गेल्यावर कळलं. त्यातली एक बाजू शेठजींनी ताब्यात घेतली. त्यांना आयुष्यात एकदा अभंग गायचा होता. दुसऱ्या बाजूला वकिलांनी प्रस्तावना सुरू केली. स्वतःच्या पदव्या सांगितल्या, शेठजींचे आभार मानले, स्पेन आणि महाराष्ट्र यांचा प्राचीन संबंध उलगडला. काचेपलीकडचा माणूस आटपा, आटपा म्हणून हात हलवत होता. वकिलांना तो दाद देतोय असं वाटलं.

अखेर स्पॅनिश सुरू झालं तेव्हा बाजू संपत आली होती.

“होला,” वकील म्हणाले.

“ओला,” मी म्हणाले.

त्यांनी चमकून पाहिलं, पण आवाज कोरणारी सुई मेणाच्या तबकडीवर चालू होती, बोलायची सोय नव्हती. ‘मी लामो’ला मी ‘मे यामो’ म्हटलं, ‘नारंजा’ला ‘नारांखा’. ‘मुजेर’ ते जवळजवळ ओरडलेच. मी ‘मुखेर’ म्हटलं आणि तबकडी संपली. वकील पुन्हा म्हणायला तयार होते. दुसऱ्या मेणाच्या खर्चाचं नाव काढताच शेठजी टोपी घालून उभे राहिले.

तबकडी शहापूरला आली तेव्हा कचेरीतले कारकून, डॉक्टर, आमचे हेडमास्तर असे सगळे शेठजींच्या ओटीवर जमले. एकमतानं ठरलं, की वकिलांचं स्पॅनिश स्वच्छ आहे, बाई मात्र प्रत्येक शब्दाला अडखळतात. हेडमास्तरांनी मला ज्येष्ठमधाची कांडी चघळायला सांगितली. वकिलांनी मोठ्या मनानं माझी बाजू घेतली. शिष्य चुकतो म्हणूनच गुरू लागतो, तेव्हा तबकडी आहे तशीच ठीक आहे, असा निवाडा त्यांनी दिला.

पाद्री उशिरा आले आणि कडेला बसले. शेठजींनी त्यांच्यासाठी तबकडी पुन्हा लावली. ती संपल्यावर पाद्रींनी विचारलं, “बाय बोलते तिथून परत लावता का?”

शेठजींनी अंदाजानं सुई ठेवली. पाद्री डोळे मिटून ऐकत होते. माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर त्यांचे ओठ हलत होते. मग ते उठले, सगळ्यांना नमस्कार केला आणि मोटार गाठायला निघून गेले.

वकील माझ्याजवळ आले.

“बघितलंत ना?” ते हलक्या आवाजात म्हणाले. “चूक कुठं होतेय ते त्यांच्याही बरोबर लक्षात आलं.”