खुटबावच्या यात्रेतली बुर्जी

सासऱ्यांना नुसतं हरवून माझं भागणार नव्हतं. मला त्यांना त्यांच्याच गावात, चारचौघांसमोर, प्याद्यानं मारायचं होतं. ही हौस मला केवढ्याला पडली ते सांगते, पण ऐकताना मी गरीब गाय होते असं कुणी समजू नये.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी शिरूरहून दौंडला आले. सासरे लोको शेडमध्ये फिटर होते. नवराही रेल्वेतच, पण कायम ड्यूटीवर, आणि घरी असला तरी वडिलांपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात चौथी माझी नणंद, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी चांगल्या मार्कांनी मॅट्रिक झाले होते, आणि शिरूरला माहेरी राहून मास्तरणीचा दोन वर्षांचा कोर्स करायचा, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. विषय काढला की सासरे म्हणायचे, "भाकरी करपत्यात अजून, आन् निघाली पोरं शिकवायला."

बुद्धिबळ मला माझ्या वडिलांनी शिकवलं होतं. हे सासऱ्यांना कळलं आणि माझ्या दुपारी गेल्या. ते जुन्या देशी नियमांनी खेळायचे. त्या खेळात मात कशानंही होते, पण प्याद्यानं दिलेली मात, म्हणजे प्यादेमात, ही सगळ्यांत मानाची. ज्याला ती बसते त्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सासऱ्यांनी त्यावर आणखी स्वतःचा एक रिवाज चढवला होता. प्यादेमात बसली की ते लाकडी प्यादं पदराला नाहीतर उपरण्याला गाठ मारून बांधायचं आणि पुढच्या डावापर्यंत अंगावर मिरवायचं. शेडमधल्या लोकांनी दोन-चारदा मिरवलं आणि मग त्यांच्या पटाला रामराम ठोकला. मी कुठं जाणार होते?

कित्येक महिने मी ते प्यादं पदरात घेऊन हिंडले. नळावर बायका विचारायच्या, "आज बी का गं?" एकदा माझा भाऊ शिरूरहून भेटायला आला तेव्हाही गाठ होतीच. सासऱ्यांनी त्याला ती बोट करून दाखवली आणि म्हणाले, "ही बघा तुमची हुश्शार बहीण." भाऊ खो खो हसला. त्या दिवशी मला सासऱ्यांपेक्षा भावाचा संताप जास्त आला, पण तो निघून गेला आणि संताप सगळा सासऱ्यांच्या नावावर राहिला. मग मी त्यांचा खेळ निरखायला लागले. घोडा कधी पुढं काढतात, चुकले की मिशी कशी ओढतात, सगळं. पुढं पुढं मी त्यांच्या हातून प्यादेमात घेईनाशी झाले, आणि चैत्र उजाडेपर्यंत दर तिसरा-चौथा डाव जिंकायलाही लागले. मी जिंकले की ते पट गुंडाळायचे आणि चहा मागायचे.

सासऱ्यांचं मूळ गाव खुटबाव. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या आणि सकाळी देवळाच्या मंडपात बुद्धिबळाच्या स्पर्धा, अशी तिथली रीत होती. आठ गडी खेळायचे. त्या वर्षी वरवंडचा एक जण आलाच नाही, आणि सासऱ्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आमच्या सूनबाईचं नाव घाला." त्यांना माझं कौतुक होतं अशातला भाग नाही. गावातल्या बागाईतदारांनी त्यांना 'रेल्वेचा हमाल' म्हणून चिडवलं होतं, आणि त्यांना त्या लोकांना बाईकडून हरवून दाखवायचं होतं.

"बाई मानसाबरुबर खेळनार व्हय?" कुणीतरी म्हणालं.

"का? भ्या वाटतंय?" सासरे म्हणाले.

भ्यायला हवं होतं त्यांनी. दोन डाव मी घासून जिंकले. दुसऱ्या डावातला गडी ऊसवाला होता, दोन बोटांत अंगठ्या. मात झाल्यावर त्यानं पट उधळला, तेव्हा सासरे मांडीवर थाप मारून हसले. मला त्यांचं ते हसणं ओळखीचं होतं. शेवटी उरलो आम्ही दोघंच, सासरा आणि सून. मंडपात पाय ठेवायला जागा राहिली नाही. नणंद बायकांत खांबाला टेकून बसली होती.

पंच म्हणून गावातले एक म्हातारे आप्पा होते. त्यांनी नियम पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवले. "मात झाली की डाव संपला. आन् कुनाचा राजा पटावर एकलाच उरला, दुसरं काय बी न्हाई, तर बुर्जी. बुर्जी म्हंजी बरूबरी, कुनी जितलं न्हाई, कुनी हरलं न्हाई."

मी हात जोडून उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पा, माझी एक अट आहे. मी जिंकले तर मामांनी मला शिरूरला कोर्सला पाठवायचं."

घरात विचारलं असतं तर सासऱ्यांनी भांडं फेकून मारलं असतं. इथं त्यांना हसावं लागलं. त्यांनी एक हात वर करून सांगितलं, "कबूल. जित, आन् जा." त्यांच्याबद्दल एक मात्र सांगते, दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. ते मला माहीत होतं, म्हणूनच मी चारचौघांत मागितलं.

डाव दोन तास चालला. कुस्त्यांची हलगी वाजायला लागली तरी कुणी उठलं नाही. सासऱ्यांनी मिशी ओढली आणि त्यांचा वजीर गेला. त्यानंतर त्यांचं सगळं ढासळलंच. शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एक हत्ती, एवढंच उरलं. माझ्याकडे हत्ती, उंट आणि तीन प्यादी होती. माझा राजा कोपऱ्यात, त्याच्या पुढं माझीच दोन प्यादी, आणि तिसरं प्यादं त्यांच्या राजाच्या तोंडाशी पोचलेलं. खेळी माझी होती. हत्ती शेवटच्या ओळीत सरकवला की मात. आप्पांनाही ती दिसली असावी, कारण ते सावरून बसले.

मी हत्तीकडे हात नेला. मग सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावर यात्रेसाठी घेतलेलं नवं कोरं उपरणं होतं, जरीच्या काठाचं. त्या काठाला गाठ कशी दिसेल ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. ह्याच मंडपातून, त्या ऊसवाल्यासमोरून, ते तसे चालत जातील. प्यादं एक घर पुढं ढकललं की पुढच्या खेळीला प्याद्यानंच मात बसत होती, आणि ती त्यांच्या राजाला चुकवता येत नव्हती. शिरूर कुठं पळून जात होतं? एक खेळी थांबायचं फक्त. मी हत्तीकडे नेलेला हात मागं घेतला आणि प्यादं पुढं सरकवलं.

बायकांत कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. सासऱ्यांनी पटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते हात जोडतील. त्यांनी शांतपणे आपला हत्ती उचलला आणि पार माझ्या राजाच्या कुशीला आणून ठेवला. "शह," ते म्हणाले.

माझ्या राजाला हलायला घर नव्हतं. पुढं माझीच प्यादी होती. तो हत्ती मारणं एवढीच खेळी मला उरली, आणि तो मारला की त्यांचा राजा एकटा. मी राजाभोवतीची घरं पुन्हा पुन्हा मोजली. आप्पा म्हणाले, "मार पोरी, दुसरं काय करतीस?" मी मारला.

"बुर्जी!" आप्पा ओरडले, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. ऊसवाला तर जागचा उठून नाचला. स्पर्धेचा मानाचा फेटा आप्पांनी सासऱ्यांना बांधला, वडीलधारे म्हणून, आणि माझ्या ओटीत नारळ घातला.

"मामा, अजून एक डाव," मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला होता, त्याची मला अजून लाज वाटते.

"अटीत दुसरा डाव नव्हता," ते म्हणाले. मग जवळ येऊन, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "हत्ती सरकवला असतास तर म्या सोता तुझी ट्रंक उचलून शिरूरच्या एष्टीत ठिवली असती." ते खरं होतं. ते खोटं बोलत असते तर मला बरं वाटलं असतं.

जूनमध्ये ते शिरूरला जाऊन कोर्सचा फॉर्म घेऊन आले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांच्या हातात तो कागद पाहिला आणि क्षणभर माझा जीव वेडा झाला. त्यांनी फॉर्म माझ्यापुढं धरला. "आपल्या पोरीसाठी आणलाय. मार्क तुझ्याइतकं न्हाईत तिला, पन बघू. तुझं अक्षर चांगलं हाय, तू भर."

मी भरला. दोन्ही पानं, एकही खाडाखोड न करता. माझी आई तिला ठेवून घ्यायला तयार झाली. मी ज्या खोलीत झोपायचे त्या खोलीत ती दोन वर्षं राहिली, आणि पुढं जन्मभर शाळेत शिकवून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाली. पोरगी चांगली होती, माझ्या वाईटावर ती कधीच नव्हती. जायच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ बसून तिनं विचारलं, "वैनी, तवा हत्ती का नाय सरकवला तुम्ही?"

"दिसलाच नाही गं," मी म्हणाले. ती मला बावळट समजली तर समजू दे. तिच्या बापाच्या उपरण्याला गाठ पाहायच्या हौसेपायी मी कोर्सच्या माझ्या जागेवर पाणी सोडलं, हे तिला सांगायला माझी जीभ तेव्हा रेटली नाही आणि नंतरही कधी रेटली नाही.