वैदेहीची एका ओळीची उत्तरं

घरी जाऊन शिकवण्या घेणाऱ्यांकडे किस्से किती साठतात, विचारू नका! वर्गात चाळीस जणांत जे खपून जातं, ते एकाच मुलासमोर रोज दोन तास बसलं की लपत नाही. त्याचंही आणि आपलंही. माझ्या किश्श्यांतले निम्मे तर एकट्या वैदेहीचे आहेत.

मी मूळची पुण्याची. ह्यांच्या आयटीतल्या नोकरीमुळे हैदराबादला आले, अंबरपेठेत राहते आणि दहावीच्या मुलांना सगळे विषय शिकवते. वैदेही दिलसुखनगरची. घर मराठी, पण चार पिढ्या इथलंच. वडील दिगंबरराव बेगम बाजारात मिरची-हळदीचे ठोक व्यापारी.

पहिल्या दिवशी मी अर्धा तास बोलले. अभ्यास कसा करायचा, वेळापत्रक कसं लावायचं, सगळं. शेवटी विचारलं, "तुला नक्की काय जड जातं?"

"लिहायला."

झालं! दिवसभरात ती तेवढंच बोलली.

*

मला बोलावलं होतं ते गणितासाठी. सहामाहीत ऐंशीपैकी चौदा मार्क. पास व्हायला अठ्ठावीस लागतात आणि बोर्ड मार्चमध्ये. मी पेपर मागितला. तिने तो चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवला होता.

उघडून बघते तर जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर! फक्त उत्तरं. ना सूत्र, ना आकडेमोड. खाली सरांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'कोणाचं बघून?'

"मॅडम, मी कॉपी नाही केली," वैदेही म्हणाली आणि खाली बघत बसली.

मला त्या लाल शाईचा असा राग आला! पण सरांचं तरी काय चुकलं? पायऱ्या न चढता गच्चीवर उभं असलेलं पोर बघून कोणीही विचारणारच.

*

बाकीच्या विषयांतही तोच प्रकार. सायन्सला प्रश्न दिला, 'मॅग्नेशियमची पट्टी जाळल्यास काय होते ते सविस्तर लिहा.'

तिने लिहिलं, 'जळते.'

"अगं, चार मार्कांचा प्रश्न आहे!"

तिने वही ओढली, विचार केला आणि दुरुस्ती केली. 'पूर्ण जळते.'

*

सोशलला पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली. उत्तर आलं, 'सगळ्यांनाच भांडायचं होतं.'

"चूक आहे का, मॅडम?"

आता काय सांगणार? मी दोन दिवस त्या महायुद्धावर बोलत होते, आणि माझ्या सगळ्या बोलण्याचा अर्थ शेवटी तोच निघत होता!

*

तेलुगूत मी कच्ची. दुकानात 'एंता?' म्हणजे 'किती?' विचारण्यापुरती. त्यामुळे तेलुगूच्या निबंधाची मी फक्त लांबी तपासायची. बोनालूच्या सणावर दीड पान हवं होतं, तिने तीन ओळी लिहिल्या.

मी म्हटलं, "वाढव."

दहा मिनिटांनी खरंच दीड पान भरलं! मी खूश. नीट पाहिलं तर ओळी त्याच तीन, अक्षरं मात्र दुकानाच्या पाटीएवढी.

*

हे सगळं कुठून आलं, ते एका रविवारी कळलं. मी वैदेहीला गणित वाचून दाखवत होते, "एका पोत्यात अठ्ठेचाळीस किलो, तर सदतीस पोत्यांत..."

"सतराशे शहात्तर!" बाहेरच्या खोलीतून दिगंबररावांचा आवाज.

मी उठून बाहेर गेले. "कसं काढलंत?"

"कसं म्हणजे? आलं!"

"स्टेप्स सांगा."

"आता स्टेप्सा कुठल्या आणू? उत्तर बरोबर हाय न? मग कैकू एवढं लिवायचं, मॅडम?"

"कारण तुमच्या पोरीला चोर म्हणतायत!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पेपरावरचं ते लाल वाक्य वैदेहीने घरी दाखवलंच नव्हतं.  दिगंबरराव आत येऊन तिच्याशेजारी खाली बसले, पेन हातात घेतलं आणि कागदाकडे बघत राहिले. पाच मिनिटं झाली तरी एक अक्षर नाही. कपाळावर घाम!

शेवटी वैदेहीलाच दया आली. "बाबा, तुम्ही आधी पन्नास किलो धरता. सदतीस गुणिले पन्नास, अठराशे पन्नास. मग प्रत्येक पोत्याचे दोन किलो काढता. चौऱ्याहत्तर गेले. सतराशे शहात्तर."

"ऐसा करतूं मैं?" दिगंबरराव थक्क!

मी ओरडले, "हेच लिही! आत्ता बोललीस ते सगळं!"

तिने लिहिलं. चार ओळी झाल्या. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

*

मग मी घरात नियमच केला. वैदेहीने कुठलंही उत्तर स्टेप्सशिवाय द्यायचं नाही, आणि दिगंबररावांनी बाहेरून ओरडायचं नाही. दुसरा नियम पाळणं जास्त जड गेलं. गणित चालू असलं की ते तोंडात सुपारी धरून बसायचे.

महिन्याभरात तिच्या आईची तक्रार आली. "मॅडम, भाजीत मीठ झालं का विचारलं तर ही म्हणते, 'आधी चव घेतली, मग पाणी प्यायले, मग परत चव घेतली...' तोवर भाजी थंड!"

मार्चमध्ये पेपर झाले. गणिताच्या पेपरानंतर मी धावत गेटवर गेले. "कसा गेला?"

"ठीक."

त्या एका शब्दावर मी निकालापर्यंतचे दिवस काढले. झोप म्हणून लागेना.

*

निकालाच्या दिवशी पोळ्या करत होते. फोन वाजला.

"मॅडम, वैदेही बोलतेय. स्टेप एक, बाबा दुकान बंद करून घरी आले."

"अगं, निकाल?"

"स्टेप दोन, आईने देवापुढे दिवा लावला. स्टेप तीन, हॉलतिकीट सापडेना. ते फ्रिजवर होतं."

"वैदेही! गणितात पास की नापास?"

"स्टेप चार, नंबर टाकला. साइट उघडली नाही. स्टेप पाच, परत टाकला."

माझी पोळी तव्यावर काळी झाली. आणि तिच्यामागून दिगंबररावांचा आवाज आला, दुसऱ्या फोनवर कोणाला तरी सांगत होते, "पेढे पाच किलो! नक्को नक्को, दहा करा!"

"अगं बाई, नुसतं उत्तर सांग ना!" मी किंचाळले.

"नुसतं उत्तर दिलं तर कॉपी केली म्हणतात, मॅडम. तर, स्टेप सहा..."